डावीकडचा तिसरा कप्पा

रविवार, ८ फेब्रुवारी

बाबा, माफ कर, फार वर्षं तुझ्याशी बोलले नाही. तू गेल्यावर सुरुवातीला मी या वहीत तुला लिहायचे. मग लग्न, मुलगी, सीवूड्सचं घर, आणि ते सुटलं. आज अडले म्हणून आले आहे. बेलापूरच्या खाडीवर लाँचींच्या पोटातलं पाणी उपसण्यात आणि त्यांची फुटलेली बुडं सांधण्यात तुझा जन्म गेला, त्यामुळे हे दुसऱ्या कोणाला विचारावं ते कळत नाही.

मी विमानांच्या देखभालीत आहे हे तुला माहीत होतं. आता आमच्याकडे पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं एक छोटं विमान आहे, म्हणजे होतं. त्याच्या पोटाखाली दोन लांब पोकळ फ्लोट असतात. तू बघितले असतेस तर होड्याच म्हणाला असतास. आत कप्पे, आणि गरजेप्रमाणे वर-खाली होणारी चाकं. पाण्यावर उतरताना चाकं वर हवीत. खाली राहिली तर विमान नाकावर उलटतं.

तीन आठवड्यांपूर्वी ते धरणाच्या पाण्यावर उतरताना उलटलं. एकटे कॅप्टन आत होते. जिवावरचं गळ्याच्या हाडावर निभावलं. आता सगळे म्हणतात, चाकं विसरले. तसं ठरलं तर त्यांचं उडणं संपलं. बाहेर काढलं तेव्हा चाकं अर्धवट खाली होती, पण ती आपटल्यामुळेही येऊ शकतात. डावा फ्लोट फाटला होता. पाण्यात ओंडका असेल. खाऱ्या पाण्याने पत्रे जोडणारे रिव्हेट खाल्ले असतील. पाण्यावर जोरात आपटलं असेल. किंवा डाव्या फ्लोटमध्ये आधीच पाणी असेल, आणि उतरताना ते सगळं पुढे धावून नाक खाली गेलं असेल. यातलं शेवटचं मला झोपू देत नाही, कारण त्या सकाळी पाणी मीच उपसलं होतं.

विमान दोन दिवस जेट्टीला पाण्यात उभं होतं. प्रत्येक कप्प्यातून एक बारीक नळी वर येते, तिच्या तोंडाला पंप लावून पाणी ओढायचं. सगळ्या कप्प्यांतून थोडं थोडं आलं. डावीकडच्या तिसऱ्यातून काहीच नाही. पंप हलका चालला, नुसती हवा. कोरडा समजून मी यादीत टिक केली.

"काय ताई, किती पाणी प्यायली माझी पोरगी?" कॅप्टननी विचारलं. विमानाला ते पोरगीच म्हणतात.

"नेहमीएवढंच. डावा तिसरा मात्र ठणठणीत कोरडा."

"वा! एक तरी कप्पा शहाणा निघाला."

आम्ही दोघं हसलो, बाबा. नंतर आठवडाभराने मला तुझी आठवण आली, आणि हसल्याची लाज वाटली.

मी तेरा-चौदाची असेन. मे महिन्याची सुट्टी. कोणाची तरी लाँच आठ दिवस धक्क्याला बांधलेली, आणि तू मला पंप मारायला बसवलं आहेस. मी दोनदा पंप ओढते आणि ओरडते, कोरडी आहे. तू हातातलं काम टाकून येतोस. "आठ दिस पान्यान उभी हाय नि थेंब नाय? डोले हायत का बटना? पंप खोटं बोलतंय. हात घाल." मी फळी उचलून हात घालते. कोपरापर्यंत पाणी. पंपाची नळी वरच चिरलेली, ती वरची हवा ओढत होती. धक्क्यावरचे सगळे हसले, मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही.

हे ज्या बाईला तेव्हापासून माहीत आहे, तिने हवा आल्यावर कोरडा धरून टिक केली. फ्लोटच्या पाठीवर झाकण असतं. ते उघडून हात घालायला पाच मिनिटं लागली असती. का नाही घातला? घाई नव्हती. खरंच नव्हती.

पण मग असंही वाटतं, तो कप्पा खरोखर कोरडा असेल. असतात कधी कधी. त्या कप्प्यातली नळी तुटलेलीच सापडली, पण तिथलं सगळंच तुटलं होतं. ती आधी तुटली की तेव्हा, हे कोण सांगणार? आणि अशी शंका येते की काहीच कळत नाही त्यापेक्षा आपलीच चूक होती हे सोसायला सोपं, म्हणून मी ती ओढून घेते आहे. बाबा, अंगावर घेणं आणि खरं बोलणं यांत फरक कसा करायचा?

परवा कॅप्टनना भेटायला गेले. हात गळ्यात बांधलेला. म्हणाले, "ताई, चाकं मी वर घेतली होती. मोठ्याने बोललोपण होतो." आणि पुढे, "रोजच बोलतो ना. त्या दिवशीचं आठवतंय की रोजचं, तेच समजत नाही."

"उडताना डावी बाजू जड लागली का?" मी विचारलं.

"आता तुम्ही विचारल्यावर लागली असं वाटतंय." ते हसायला गेले, आणि खांदा दुखून कळवळले.

आमचे साहेब म्हणतात, "मॅडम, टेन्शन कशाला घेता? तुमच्या यादीत सगळ्यावर टिक आहे." तेच तर. त्या कागदावर पाणी निघालेला कप्पा आणि न निघालेला कप्पा, दोन्हींवर सारखीच टिक आहे.

गेले काही दिवस मी घरात सांगते आहे की चौकशीवाल्यांनी हे विचारलंच नाही, म्हणून सांगायची वेळ आली नाही. तुझ्याशी तरी ते बोलवत नाही. त्यांनी विचारलं होतं. जबाब संपल्यावर पेन खाली ठेवून त्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "त्या सकाळी काही वेगळं जाणवलं का?" मी म्हणाले, नाही.

उद्या: साडेदहाला बेलापूरला चौकशीच्या कचेरीत जाऊन जबाब बदलून देणे.