अकरा दिवसांचा अंदाज

८ सप्टेंबर १९८७
पोहोचलो एकदाचा! खिडकीतून डॅन्यूब दिसते, कॅन्टीनमधली चीज भरलेली खुसखुशीत बानित्सा झकास. कामही आवडीचं: अणुभट्टीतून काढलेल्या इंधनकांड्या खोल हौदात पाण्याखाली ठेवतात, त्या अजून किती उष्णता सोडतात याचा अंदाज बांधायचा. कांडी जितकी जुनी, तितकी थंड. हौद सांभाळणाऱ्या झ्लात्कामावशी मला पाहून, आता पोरंसोरं पाठवायला लागले वाटतं, म्हणत खो खो हसल्या. उद्या राष्ट्रीय सण, सुट्टी. मजा आहे बुवा!

११ सप्टेंबर
पाणी थंड ठेवणारा पंप उद्या दुरुस्तीला उघडायचाय. जोडीचा दुसरा आधीच सुट्या भागांसाठी मोडलेला. आमचे विभागप्रमुख मिन्चेव साहेबांनी विचारलं, पंपाशिवाय पाणी उकळायला किती दिवस लागतील? नोंदवहीत प्रत्येक कांडी तीन वर्षांहून जुनी. दोनदा तपासलं. अकरा दिवस. दुरुस्ती सहा दिवसांची. सही ठोकली, साहेबांनी पाठ थोपटली. स्वतःवरच खूश आहे मी.

१४ सप्टेंबर
पाणी चाळीस अंशांवर हवं, सत्तरवर आहे. मावशींनी हौदाचा पूर्वेकडचा कोपरा दाखवला. तिथलं पाणी लख्ख निळं चमकतंय. एवढा उजेड फक्त ताज्या कांड्यांचा असतो. मावशींना खोदून खोदून विचारलं.

सणाआधी इतक्या कांड्या या हौदात हलवल्या, ‘लक्ष्य पूर्ण’ असं वर कळवायचं, म्हणून साहेबांनी भट्टीतून निघून चारच महिने झालेल्या कांड्याही इथे आणल्या आणि नोंदवहीत तारखा मागच्या घातल्या. दरवर्षी थोडंफार करतातच म्हणे, पण पंप कधी बंद नव्हता. मला का नाही सांगितलं, म्हणून मी भांडलो. तर मावशी म्हणाल्या, अरे, सगळ्यांना माहीतच असतं, तू विचारलंस कुठे?

१५ सप्टेंबर
साहेबांना खरा आकडा दाखवला: उद्या उकळेल. म्हणाले, तुझ्या सहीचा कागद वर गेलाय, आता तो खोटा म्हणू का? चहा पी, डोकं शांत कर. बाहेरून नळीनं पाणी सोडू द्या म्हटलं, तर त्यालाही लेखी परवानगी हवी. पंपाचे तुकडे अजून फडक्यावर पसरलेत —

१६ सप्टेंबर, सकाळ
उकळलं. उष्णतेनं हौदाचं अस्तर फाटलं, पाणी खालून जातंय. आता साहेबच नळ्या लावा म्हणून ओरडताहेत. ओततोय त्याहून जास्त गळतंय. कांड्या उघड्या पडल्या तर पेटतील, किरणोत्सर्ग शहरभर पसरेल, संपलं सगळं. शहराला कळवा म्हटलं. म्हणे, आधी वरून आदेश येऊ दे. शाळा भरल्यात —

दुपार
कांड्यांवर दीड मीटर पाणी उरलंय. किरण मोजणारं यंत्र दारातच कडकडतंय. आतली नळी निसटली. मावशी ती परत बसवायला आत निघाल्या. मी हात धरला, त्यांनी हिसडला. म्हणाल्या, तू फक्त सांग, किती वेळ आहे माझ्याकडे?

त्या किरणांत माणूस टिकेल चार मिनिटं, म्हटलं.

नऊ मिनिटं झाली, मावशी बाहेर आल्या नाहीत. हाका मारल्या —

साहेब गाडी घेऊन गेले. नळी धरायला कुणी नाही. मी जातो. माझा आकडा बरोबर असेल, तर कांड्यांवर अजून तासभर पाणी —