कोटाचा डावा खिसा

३ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू जुन्याच मापानं शिवलेला काळा कोट गेल्या महिन्यातच पोचला. आतले दोन्ही चोरखिसे अगदी हवे तिथे बसलेत. चांगलं लिहिण्यासारखं एवढंच, बाकी खेळाची पार माती झालीय.

पूर्वी मी अंडं गायब केलं की सभागृह चिडीचूप व्हायचं. आता पाचव्या-सहाव्या रांगेतून लोक बिनदिक्कत ओरडतात, की अंडं कोटाच्या खिशात आहे! परवा एक आजोबा मध्येच उठून गेले, जाताना माझ्याकडे बघून हात झटकला. ताई, कुठंतरी पाणी मुरतंय. हे खिसे जगात तिघांनाच ठाऊक. मला, तुला आणि आमच्या हिला. आठ वर्षं ही माझ्या पेटीत बसते, मी आठ तलवारी खुपसतो, ही मागून निसटते आणि सभागृहाच्या मागच्या दारातून हसत येते. तीच आता घरात तोंड मिटून असते. मी खोलीत शिरलो की उठून जाते. मनात काही नसेल तर उठायचं कशाला?

मी ठरवलंय. पुढच्या पहिल्या तारखेपासून पेटीत दुसरी मुलगी बसेल आणि ही माहेरी जाईल.

माझ्यावर लोभ आहे तसाच ठेव. सध्या तेवढाच एक भरवशाचा आहे.

तुझा धाकटा

७ जून

चि. जादूगारास, अ. उ. आ.

वा रे वा! तिघांपैकी तू सुटलास, उरलो आम्ही दोघी. म्हणजे अर्धा संशय माझ्यावरच की. माझ्या दुकानात रोज दहा बायका मापं द्यायला येतात, त्यांना ब्लाउजचा गळा सांगता सांगता तुझा खिसाही सांगत असेन, नाही का?

थट्टा राहू दे. बायकोला माहेरी पाठवणं म्हणजे अंडं गायब करणं नव्हे, परत आणता येईलच असं नाही. मी येऊन खेळ बघेपर्यंत तोंडातून एक अक्षर काढू नकोस. कधी येईन ते सांगणार नाही.

लोभ असावा, संशय नसावा.

तुझी ताई

१२ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

रागावू नकोस. तुझ्यावर संशय घ्यायला मी काय वेडा आहे? पण तुझं यायचं होईतो मला दम निघेना, म्हणून मी हिची परीक्षा घेतली. मुद्दाम सांगितलं, की आज अंडं डाव्या खिशात ठेवतोय. ठेवलं उजव्यात. ही फितूर असेल तर लोक डावा खिसा ओरडतील, असा हिशेब.

लोक उजवाच ओरडले. बघ, केवढी पोचलेली आहे! मी खोटं बोललो हे तिनं ओळखलं आणि खरा खिसा शोधून काढला. खेळभर मी विंगेत तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होतो, तरी खूण कधी केली ते दिसलं नाही. आता तर माझी खात्रीच पटली.

तुझ्या मायेची आता फारच गरज आहे.

तुझा धाकटा

१९ जून

चि. अकलेच्या खंदकास, आशीर्वाद.

परवा दुपारचा खेळ मी सहाव्या रांगेत बसून पाहिला. आता नीट वाच.

तुझं पोट सुटलंय आणि कोटाचं बटण लागत नाही. ते तू उघडंच ठेवतोस. अंडं लपवलंस की लगेच विंगेकडे वळून वहिनीवर डोळे वटारतोस. वळलास की कोटाची कड उलटते आणि मी शिवलेला खिसा अंड्यासकट सगळ्या रांगेला दिसतो. फितूर शोधायला तू वळतोस, आणि फितुरी तुझा कोट करतो! लाज वाटली रे मला, माझीच शिवण होती ती.

दुसरं. पूर्वी तुझ्या हातून अंडं फुटायचं, तुझा चेहरा पडायचा, लोक पोट धरून हसायचे, आणि मग तेच अंडं कुणाच्या तरी टोपीतून निघायचं. आता तू लोकांना वर बोलावतोस आणि चोर पकडल्यासारखं वागवतोस. त्या बिचाऱ्या कारकुनाचा मळका रुमाल सगळ्यांना दाखवायची काय गरज होती? लोक फसायला हौसेनं येतात. अपमान करून घ्यायला कोण येईल?

खेळानंतर वहिनी मागच्या दारात भेटली. डाव्या खिशाचं तिला सगळं कळलंय. मला म्हणाली, वन्सं, आठ वर्षं पेटीत डोळे मिटून बसले, आता तलवारी मोजते. अरे, ती आठ तलवारींपुढे तुझ्या भरवशावर बसते, आणि तुला तिच्यावर एका अंड्याचा भरवसा नाही? पत्र मिळताच तिच्याशी बोल. बटण मी हलवून देईन.

तुझी ताई

२२ जून

ती. ताईस,

तुझं पत्र सकाळी मिळालं. वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिच्याशी लगेच बोलायला हवं होतं, पण दुपारी खेळ होता. म्हटलं, खेळ झाल्यावर निवांत बोलू.

हिनंच कोट माझ्या अंगावर चढवला आणि पोट आत घ्यायला लावून बटण लावलं. मी एकदाही विंगेकडे पाहिलं नाही. अंडं हातातून पाडलं, लोक खदखदून हसले. मग पेटी, आठ तलवारी. पेटी उघडली तर रिकामी. मी मागच्या दाराकडे हात केला, सगळ्यांच्या माना वळल्या. दार उघडलं नाही. मी हात तसाच धरून उभा राहिलो. लोकांना वाटलं हाच खेळ! दोन वर्षांत ऐकल्या नव्हत्या इतक्या टाळ्या पडल्या, ताई, आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

खोलीत तिची पिशवी नव्हती. कोट काढताना डावा खिसा जड लागला. मी आज त्यात काहीच ठेवलं नव्हतं. आत अंडं होतं. मी तिला सांगितलं होतं, तिथंच. तिनं ते कधी ठेवलं, मला कळलंसुद्धा नाही.

ती तुझ्याकडे आली आहे का? एवढं कळव.

धाकटा

२४ जून

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

आली आहे. उभ्या उभ्या पाणी प्यायली आणि दुसऱ्या मशीनवर बसली, तेव्हापासून काजं करतेय. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. टाळ्यांपाशी थोडी हसली, अंड्यापाशी उठून आत गेली.

ये म्हणत नाही. येऊ नको असंही म्हणत नाही. तुझा जीव तिच्यात असेल तर ये. फक्त तो कोट घालून येऊ नकोस.

तुझी ताई