पणजोबांच्या कबरीवरचा रंधा

प्रिय आई,

तुला आणि बाबांना प्रेमाचा सलाम. मी बरा आहे, दोन्ही वेळा जेवतो. वर्कशॉपमध्ये फ्रीज दुरुस्तीला रांग लागलीय. बाबांचा खोकला कसा आहे? माझं नाव निघालं की अजून उठून जातात का गं?

वंशावळीसाठी त्यांनी तुझ्यामार्फत सांगितलं, म्हणून पणजोबांची कबर शोधायला इथल्या जुन्या चर्चमागे गेलो. "तीन पिढ्या पाळक, आणि तुझ्यापाशी साखळी तुटली," हे त्यांचं बोलणं डोक्यात होतंच. झुडपं बाजूला केली, तर नावाखाली क्रूस आणि क्रूसाखाली चक्क रंधा कोरलेला! पणजोबा सुतार होते, आई.

इथल्या म्हाताऱ्या पाळकांनी मला आत नेऊन उपदेशाचं व्यासपीठ दाखवलं. म्हणाले, "आम्ही सगळे यावरून बोललो. तुमचे पणजोबा कधीच नाही. त्यांनी ते घडवलं."

मी तिथेच पायरीवर बसून हसत सुटलो. छातीवरचा धोंडा उतरला बघ.

हे वाचून दाखवताना दाराला कडी घाल, म्हणजे बाबा उठून जाणार नाहीत. म्हणावं, आजोबा सुताराच्या घरातून पाळक झाले. बाकी क्रूसावरच्या त्या सुताराच्या मुलाबद्दल त्यांना मी काय सांगणार? जन्मभर त्यांनी त्याचीच तर गोष्ट सांगितली.

तुम्हा दोघांचा,
धाकटा