मस्कतला नेलेली हळद

पनवेल, सोमवार, संध्याकाळ

काल मस्कतहून आले. धाकट्या भावाचं, बाळ्याचं, लगीन झालं एकदाचं, पंचेचाळिसाव्या वर्षी. लई आनंद झाला, खोटं नाय लिहीत. हळद इथूनच नेलेली, मी स्वतः कुटून. नवरी केरळची, तिला आपल्यातलं काय माहीत? माझा हात धरून म्हणाली, "दीदी, पहले आप."

तर बाळ्याच बोलला, "ताई, तू नको. विधवेचा हात नको लागायला."

ज्याला मी कडेवर वाढवला, तो! दुसरं कोणी नाय, तोच. मग माझ्या हातानं कुटलेली कशी चालली रे तुला? पण हसले नि बाजूला बसले.

आज नातीनं विचारलं, "आजी, मामा-आजोबांना हळद लावलीस?"

लावली म्हटलं. नखं अजून पिवळी हायत, तिला पटलं.