मिनलच्या पाहुण्यांना पेज

नागपूर, रविवार

ती. दादास,

धाकट्या वच्छलाचा पाया पडून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? वहिनीचा खोकला थांबला का? (फोनच केला असता, पण फोनवर तू ओरडतोस, कागदावर ओरडता येत नाही.) इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे बाटली सोडून.

तुझी मिनल पुण्याला परिषदेला जाताना एक बाटली माझ्या स्वाधीन करून गेली. ओमानच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी, अगदी चुन्याच्या निवळीसारखं. तिथे म्हणे जमिनीखाली खडक आणि पाण्याची आपसात कुरबुर चालते, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव जगतात. ऊन नको, हवा नको (आणि तुझ्यासारखं ताटात लोणचंही नको). पोरीचा सगळा अभ्यास त्या बाटलीत, आणि साऱ्या खानदानात तिने भरवसा टाकला तो माझ्यावर! मी तर दोन दिवस जमिनीवर नव्हते. निघताना तिने एवढंच बजावलं, "आत्या, बूच उघडू नको वं. हवा लागली का मरतेत ते."

पण दादा, माझ्या घरून कुरिअरवालासुद्धा चहाशिवाय जात नाही, आणि ही लेकरं इतक्या लांबून येऊन उपाशी? शेवटी साखर घालून पातळ पेज केली, तान्ह्या बाळाला देतात तशी. बूच किंचितच उघडलं. पेज गरम होती, म्हणून बाटलीत फुंकरही मारली. पाणी पाहता पाहता दुधासारखं पांढरं! मला वाटलं, बाळसं धरलं. शेजारच्या रुखमाबाईला बोलावलं, तिनेही हौसेने फुंकर मारली. तेव्हापासून बाटली फसफसते आणि बूच दोनदा उडून भिंतीवर आपटलं.

आमच्या घरी यांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. बाटली पाहून यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, ओमानचे पाहुणे केव्हाच गेले, आता आत नांदतात ते आपल्याच स्वयंपाकघरातले. खरं सांगते, मी पदर तोंडाला लावून रडले. पोरीने विश्वासाने दिलं होतं रे.

तुझी,
वच्छला

ता. क. : गुरुवारी तू संत्री द्यायला आला होतास. मिनलला सांग, की बूच चुकून तुझ्या हातून उघडलं. बापावर पोरी फार दिवस रागावत नाहीत, आत्याचं काही सांगता येत नाही.

आणखी एक : तू नाही म्हणणार नाहीस, म्हणून मी तिला कालच तसं सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "बाबा घरी हायेत ना?" आता ती आधी तुझ्याकडे सावनेरलाच येणार आहे. पत्र तिच्या आधी पोहोचलं तर बरं.