बदल करू नये

प्रिय नोरीन,

आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून तुला आधी वाटेल, गावात कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. कॉलेज आहे, नदी आहे, मी आहे. गुडघे तेवढे माझ्या आधी निवृत्त झाले. सुतारकामाच्या आणि नर्सिंगच्या मुलांना मी अजून गणित शिकवतो, आणि अजून आपल्याच पुस्तकातून. ग्रंथालयात विल्मानं चार छापील प्रती मांडून ठेवल्यात, पण त्यांना धूळच वाचते. मुलं फोनवर उघडतात, फुकट, आणि त्यासाठी पैसे भरावे लागले नाहीत हे त्यांच्या लक्षातही येत नाही. तुला हेच हवं होतं.

ते कशावरून सुरू झालं, मला काल घडल्यासारखं आठवतं. माझ्या वर्गातली, तीन मुलांची ती आई ग्रंथालयातून दोन तासांपुरतं मिळालेलं पुस्तक उभ्यानं फोनमध्ये टिपत होती, पान न् पान, कारण ते विकत घ्यायचं तर तिचं अर्धं घरभाडं गेलं असतं. जुनी प्रत घ्यावी तर नव्या आवृत्तीत गणितं तीच, क्रमांक तेवढे हलवलेले. मी म्हणालो, इतकी हुशारी मला छपरांच्या धंद्यात सुचली असती तर आज माझी स्वतःची होडी असती. तू हसली नाहीस. म्हणालीस, “मग आपणच लिहू.” सोळाव्या वर्षी शिडी चढलेला आणि चाळिशीत कशीबशी पदवी घेतलेला माणूस पुस्तक लिहू शकेल, असं मला त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. नंतरही नाही.

ग्रंथालयाच्या तळघरातले ते दोन उन्हाळे. मी शिड्या, तुळया, छपरांचे उतार आणायचो; माझं वाक्य खिळ्यासारखं, एका ठोक्यात आत. तू त्याच्या शेजारी लिहायचीस, ‘इथे थांबा. पाणी प्या. इथे सगळेच अडखळतात.’ मी कुरकुरायचो की गणिताच्या पुस्तकात पाणी कशाला. तू माझ्याकडे न बघता टंकत राहायचीस. त्या खोलीत ओल खेचणाऱ्या यंत्राची घरघर, ओलसर कागदाचा वास आणि तुझी ती मान खाली घालून हसण्याची सवय, एवढंच होतं. मला वाटतं मी आयुष्यात इतका सुखी परत झालो नाही, पण सुखात असताना माणसाला ते कळायला हवं ना.

मग तुला न्यू मेक्सिकोची नोकरी आली. गाड्या लावायच्या जागी उभी राहून तू मला विचारलंस, “दुसऱ्या आवृत्तीचं काही काम निघेल का, हार्लन?” आणि मी, छपरांचा माणूस, म्हणालो, “काळजी नको, पक्कं झालंय. गळणार नाही.” तू बराच वेळ किल्ल्या शोधत राहिलीस. त्या तुझ्या हातातच होत्या.

आता एक कबुली. पुस्तक इतरांनी कसं वापरावं, त्या परवान्याच्या कागदावर तू सही करून गेली होतीस आणि कोणत्या चौकटीत खूण करायची तेवढं माझ्यावर सोडलं होतंस. आपलं ठरलं होतं, कुणीही घ्यावं, कुणीही बदलावं, फक्त आपली नावं राहू द्यावीत. खूण करण्याआधी मी पुस्तक एकदा सलग वाचलं. पाचव्या प्रकरणात चर्चच्या छपरावरून बर्फ ओढणारा माणूस आहे ना, त्याच्या गणिताखाली तू एक ओळ घातली होतीस, जी मी घाईत कधी पाहिलीच नव्हती. ‘खाली एक बाई कॉफी घेऊन उभी आहे. ती किती वेळ उभी राहील, हे या गणितात विचारलेलं नाही.’ मी दुसऱ्याच चौकटीत खूण केली. वाचा, वाटा, पण बदल करू नये. सगळ्यांना सांगितलं, चष्मा विसरलो होतो, चूक झाली. नोरीन, चष्मा माझ्या नाकावर होता.

गेल्या वर्षी टेक्सासच्या सरहद्दीवरच्या एका कॉलेजातून रोखेलियो कांतू नावाच्या शिक्षकाचं पत्र आलं. त्याला पुस्तक स्पॅनिशमध्ये करायचं होतं आणि बर्फ काढून टाकायचा होता. त्याच्या मुलांनी बर्फ पाहिलेला नाही, ती डांबर तापतं अशा उन्हात छपरं घालतात. मी नाही म्हणालो. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही. यंदा आलेल्या तिसऱ्या पत्रात त्यानं फार सभ्यपणे लिहिलं, “तुमचं पुस्तक आम्हाला फुकट मिळतं, टॅकेट सर, पण आमचं होत नाही.” सोबत कळवलं होतं, की बर्फाच्या प्रकरणाशी थांबून सहा जणांनी वर्ग सोडला. मी ते पत्र खिशात घालून आठवडाभर हिंडलो.

त्याच आठवड्यात जिन्यात दोन नर्सिंगच्या मुली माझ्यापुढे उतरत होत्या. माझे तिखट कान तुला ठाऊक आहेत. एक म्हणाली, “या पुस्तकात दोन माणसं आहेत. बाबा शिकवतो आणि बाई सांभाळते.” दुसरी म्हणाली, “सांभाळते कसली, पाचवं प्रकरण वाच. वाट बघून कंटाळलीये ती. आणि त्या मठ्ठाला नुसतं बर्फाचं वजन काढायचंय.” मी कठड्याला धरून त्या दिसेनाशा होईपर्यंत उभा राहिलो. आठ वर्षं तुझं वाक्य मी राखलं, असं मला वाटत होतं. राखलं कसलं, कोंडलं.

तर सोबत कागद आहे. त्यावर योग्य चौकटीत खूण करून मी सही केली आहे. लेखक दोन, म्हणून कॉलेजच्या नियमानं तुझीही सही लागते. मग कांतूला बर्फ काढता येईल, आणि त्याबरोबर ती ओळही जाईल, हे मला माहीत आहे. तुझी सही टपालानं चालते, असं विल्मा म्हणाली. दोघांनी एका टेबलाशी बसून केली तरी चालते, असंही म्हणाली. तेही मीच तिला विचारलं होतं.

आठ वर्षं उशीर केलेला, तुझाच,
हार्लन