लोंबेताईचं कार्ड

खाणवसाहत, कॉपरबेल्ट
९ मार्च १९८७

चि. कसुबा हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सुके मासे बसच्या कंडक्टरने सुखरूप पोचवले. मासे छान आहेत, पण त्यासाठी नवी पिशवी कशाला घेतलीस? पिठाच्या रिकाम्या पोत्याच्या चार पिशव्या होतात, हे मी तुला किती वेळा सांगायचं?

आता मुद्द्याचं. मेमध्ये तुझे दिवस भरतील. पहिल्या खेपेला काय झालं ते मी विसरलेली नाही. पुढचं बाळंतपण पोट फाडायची सोय असेल तिथेच करा, असं डॉक्टरने तुला बजावलं आहे. मोठ्या दवाखान्यात पैसे भरायचे तर तुझ्या चोलाला होडी विकावी लागेल, आणि होडी विकून तुम्ही तळ्याकाठी काय वाळू खाणार? म्हणून मी तोड काढली आहे. खाणकामगाराच्या बायकोला खाणीच्या दवाखान्यात एक न्ग्वीही मोजावी लागत नाही. माझ्या कार्डावर फोटो नाही, नुसतं नाव आणि नंबर. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी कार्डातलं बाळंतपणाचं पान अजून कोरं आहे. ते तू वापर. चार दिवस तू सौ. मुसोले हो, मी तुझी बहीण म्हणून उशाशी बसते. तुला अपराधी वाटलं तर मावशीला आठव. आपण तिलाही आईच म्हणायचो ना?

येताना साबण आणू नकोस. मी वर्षाचा एकदम घेते, चार तुकडे करून छपरावर वाळवते. वाळलेला साबण दुप्पट पुरतो. कोळसाही पावसाआधीच पोत्याने भरला आहे. चोलाला सांग, मेव्हणी कंजूष आहे म्हणूनच तुझी होडी वाचते आहे.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
लोंबे


साम्फ्या
२१ जून १९८७

ती. ताईस कसुबाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघी सुखरूप पोचलो. टाके सुकले. कंपांबा दूध पिऊन पिऊन अशी गुबगुबीत झाली आहे की चोला तिला आमचं डब्यातलं लोणी म्हणतो. तू नसतीस तर या वेळीही मी रिकामी ओटी घेऊन परतले असते, आणि कदाचित परतलेही नसते. हे मी तोंडावर कधी म्हणणार नाही, म्हणून लिहून टाकते.

नर्सने सौ. मुसोले अशी हाक मारली की मी ढिम्म आणि तू ताडकन उभी, हे आठवून अजून टाक्यांना हसू सोसत नाही. पण एक घोळ आहे. बाळाच्या लसीच्या कार्डावर आई म्हणून तुझं नाव आहे आणि बाप म्हणून मुसोलेदाजींचं. इथल्या दवाखान्यातल्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मी बहिणीचं बाळ सांभाळते आहे असं सांगून सुटले. तेवढं तिकडे दुरुस्त करून घेशील ना?

तुझं साबणाचं सगळ्या गल्लीला शिकवलं आहे. पत्राची वाट पाहायला लावू नकोस.
तुझी,
कसुबा


खाणवसाहत, कॉपरबेल्ट
१२ जुलै १९८७

चि. कसुबास अनेक आशीर्वाद.

दुरुस्तीचं म्हणतेस ते सोपं नाही. दवाखान्याने जन्माची चिठ्ठी पगाराच्या खिडकीवर परस्पर पाठवली. कारकुनाने ह्यांचं अभिनंदन केलं आणि फॉर्म पुढे सरकवला. ह्यांनी सही केली. मूल असलेल्या कामगाराचा कर कमी कापतात, तसा आमचाही या महिन्यापासून कमी कापला. मला वाटलं, मिळतंय ते का सोडा? त्या पैशातून कंपांबाला दुपटं पाठवते आहे, म्हणजे तिचं तिलाच.

शेजारणी बाळ कुठे म्हणून विचारतात. मी सांगते, माहेरी आहे, इथला खाणीचा धूर तिला सोसत नाही. सासूबाईंनी गावाहून कोंबडी पाठवली. अकरा वर्षांत त्यांच्याकडून मला आलेली ही पहिली वस्तू. तू जरा दमाने घे. सगळं मार्गी लागेल.
तुझी,
लोंबे


साम्फ्या
२ ऑगस्ट १९८७

ताई,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. तुझं पत्र मी चोलाला वाचून दाखवलं. कोळशात बचत कर, साबणात कर. माझ्या पोरीवर कर वाचवलास?

रविवारी तिला बाप्तिस्म्यासाठी चर्चमध्ये नेलं होतं. पाद्रीबाबांनी कार्ड मागितलं, वाचलं आणि म्हणाले की आई-बाप सही करायला येईपर्यंत मी हिचं नाव वहीत लिहू शकत नाही. आम्ही दोघं समोर उभे होतो. माझ्या सासूबाई तिथेच, सगळ्यांदेखत विचारत्या झाल्या, की मग हे पोर आहे तरी कुणाचं? उद्या तुझ्या सासरचे आले आणि कागद दाखवून तिला घेऊन गेले, तर मी काय दाखवणार, पोटावरचा व्रण?

महिनाभरात तिचं नाव तिथून काढ. नाही तर मी तिला पाठीला बांधून त्या पगाराच्या खिडकीवर येते. बहिणीला धमकी द्यावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं.
कसुबा


खाणवसाहत, कॉपरबेल्ट
१९ सप्टेंबर १९८७

चि. कसुबास आशीर्वाद. घेतेस की नाही ते तू ठरव.

तुला सगळं सांगितलं नव्हतं. करातले पैसे हे निमित्त होतं. कोंबडी आली त्याच आठवड्यात सासूबाईंनी दुसरी सून बघणं थांबवलं होतं. म्हणून मी गप्प बसले. चूक माझीच आहे.

तू खिडकीवर आलीस तर ह्यांची नोकरी जाते आणि नोकरीबरोबर घरही. मी खरं बोलले तरी तेच. म्हणून सोमवारी मी एकटी गेले आणि कारकुनाला सांगितलं, की मुलगी गावी गोवराने गेली.

त्याने कागद मागितला नाही. टोपी काढली आणि नावावर रेघ मारली. आता तुझी लेक कागदावर कुणाचीच नाही. ते कार्ड चुलीत घाल, बाळ घरीच जन्मलं असं सांग आणि नवं काढ.

संध्याकाळपर्यंत सगळी वसाहत अंगणात चटया टाकून दुखवट्याला बसली होती. तीन दिवस बसली. डोळ्यांना लावायला मी एक कांदा कापून पदरात ठेवला होता. तो लागला नाही. पहिली बाई गळ्यात पडली आणि मी जी रडायला लागले ती मला थांबताच येईना. कुणासाठी रडले ते मला ठाऊक आहे, तुलाही कळेल. दुखवट्याच्या घराला खाणीकडून पिठाचं पोतं येतं, तसं आलं. फुकटचं मी आजवर सोडलेलं नाही. पण त्या पिठाच्या न्शिमेचा एक घासही मला खाववेना. सगळं पोतं बायकांना वाटून टाकलं.

सासूबाई पावसाआधी येताहेत. सोबत त्यांच्या भावकीतली एक मुलगी आहे. कशासाठी, ते मी विचारलं नाही. हे मान खाली घालून बसलेले असतात. कंपांबाच्या गालाला माझा हात लाव.
लोंबे


साम्फ्या
११ ऑक्टोबर १९८७

ती. लोंबेताईस कसुबाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं, आणि धावत आत जाऊन झोपलेल्या पोरीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता. तरी दिवसभर दर थोड्या वेळाने बोट धरत होते. जिवंत लेकराला पुरणारी बाई माझी बहीण आहे, यावर माझा विश्वास बसेना. तुझ्यावर इतकी चिडले होते की पत्र चुलीपर्यंत नेलं. मग कांद्याचं पुन्हा वाचलं आणि तिथेच खाली बसले. तू काय काय पणाला लावलंस ते मला चुलीपाशी कळलं.

सासूबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या की ज्या नावाने तीन दिवस रडून झालं, त्या नावाने आता या घरात कुणी पोरीला हाक मारायची नाही, दुसरं नाव शोधा. ते कुठलं, हेही त्यांनीच सांगितलं.

दाजींच्या आईला यायचं तर येऊ दे. तू स्वतःच्याच घरात पाहुणीसारखी कोपरा धरून बसू नकोस. इकडे ये. भिंतीला लागून एक खोली काढू असं चोला म्हणतो, आणि मासे वाळवायला त्याला तुझ्याइतकं चिकट माणूस मिळणार नाही. पण बसचं पुरं तिकीट काढ, मालाच्या ट्रकवर बसून पैसे वाचवू नकोस.

काल नवं कार्ड झालं. चष्म्यावाल्या बाईंनी या वेळी काही विचारलं नाही. आई म्हणून माझं नाव आहे. त्याच्या वर, बाळाच्या जागी, लोंबे. तुझं नाव कार्डावरून गेलं नाही, ताई. एक ओळ वर सरकलं.

लोभ होता तसाच आहे, तो घ्यायला तू स्वतः ये.
तुझी धाकटी,
कसुबा